मुक्या सोमवारी घेतलेला आवाज

"राजेऽऽ! अगं राजेऽऽऽ!"

चार मागांचा खडखडाट एका बाजूला आणि ही हाक एका बाजूला. इचलकरंजीतल्या त्या गल्लीत तेव्हा दिवस उगवायचा तोच मागांच्या आवाजात. सुताचा धोटा मागात इकडून तिकडे धावायचा, भिंती थरथरायच्या, पातेल्यातलं पाणीसुद्धा ताल धरायचं. पाहुणे आले तर खुणांनी बोलायचे. पण शालन खारगेची हाक त्या सगळ्या गलक्याच्या वरून, पत्र्यावरून चालत आल्यासारखी यायची, आणि गल्लीच्या टोकाला गजगे खेळणारी राजश्री मुठीतला डाव टाकून घराकडे सुटायची. सुताच्या कांड्या भरता भरता आई ओव्या म्हणायची, त्याही त्याच पट्टीत. हळू म्हणून उपयोग काय?

मागाच्या गलक्यात, बाई, ऐकू येईना काही
लेकीच्या कानामधी, माझी हाक राही राही

ते माग आता भंगारात गेले. नवे माग गावाबाहेरच्या मोठ्या शेडमध्ये, काचेआड, कुजबुजल्यासारखे चालतात. गल्ली इतकी शांत झाली आहे की शेजारच्या कुकरची शिट्टी राजश्रीला आपल्याच घरातली वाटते. आणि आईची हाक मात्र पलंगावरून स्वयंपाकघरापर्यंतही पोचत नाही. म्हणून राजश्रीनं तिच्या उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला आहे. टण् टण् वाजलं की हातातलं टाकून जायचं. गजगे टाकून पळायची तसंच.

शालनबाईंचं हृदय थकलं होतं. दवाखान्यातल्या मुजावर मॅडमनी राजश्रीला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. हृदय म्हणजे शेवटी पंप. त्याचा जोर कमी झाला की पुढं जायचं रक्त मागं तुंबतं, त्यातलं पाणी फुफ्फुसात साचतं, पायांत उतरतं. पूर्वी माणूस धापा टाकायला लागला की मग दवाखान्याकडे पळापळ व्हायची. आता धाप लागायच्या पुष्कळ आधी ते पाणी ओळखणारं यंत्र निघालं होतं, आणि ते ओळखत होतं आवाजावरून.

यंत्राचं नाव कानोसा. तांब्याएवढं, पांढरं, तोंडाशी जाळी. घशातले दोन नाजूक पडदे थरथरले की आवाज होतो. अंगात पाणी वाढलं की ते पडदे जड होतात, आणि सुक्या धोतराची फडफड वेगळी नि ओल्याची वेगळी, तशी त्यांची थरथर बदलते. छातीत जागा कमी पडली की माणूस दोन शब्दांच्या मध्ये नकळत जास्तीचा श्वासही घेतो. आपल्या कानाला यातलं काही कळत नाही, कानोशाला कळतं. अट एकच. प्रत्येकाचा गळा वेगळा, म्हणून त्या माणसाचा मूळ आवाज त्याला आधी द्यावा लागतो. मग रोज सकाळचा आवाज तो त्या मूळ आवाजाशी ताडून पाहतो आणि शेजारच्या गोळ्यांच्या डबीला हुकूम सोडतो. आज पाणी काढायची गोळी एक. आज दीड. आज दोन.

या कानोशाच्या जिवावर दवाखान्यानं 'घरखाट' नावाची सोय काढली होती. पेशंट घरी, खाट घरची, डॉक्टर पडद्यावर. 'घरच्या मायेत, निम्म्या खर्चात' असं पत्रकावर छापलं होतं. उरलेला निम्मा खर्च कुठं गेला ते पत्रकात नव्हतं. तो राजश्रीच्या अंगावर आला होता. चादरी तिनं धुवायच्या, बेडपॅन तिनं द्यायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून आईची कूस तिनं बदलायची, वीज गेली की प्राणवायूच्या यंत्राची वायर तिनं धावत इन्व्हर्टरला जोडायची. यातलं एकही काम कुठल्या बिलात नव्हतं. बिलात नाही म्हणजे झालंच नाही, असा जगाचा हिशेब.

राजश्री पन्नाशीला टेकलेली. नवऱ्याच्या माघारी आईकडेच राहिलेली. गिरणीच्या घडीखात्यात कापड तपासायचं काम करायची, धावत्या कापडावर तळहात ठेवून तुटका धागा हुडकायची. साहेबांनी दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणून सांगितलं होतं. दिवाळी आता फार लांब नव्हती.

घरी आणायचं ठरवलं ते धनंजयनं. धनंजय तिचा धाकटा भाऊ, नोकरीला बंगळूरला. दवाखान्यातून सोडायच्या आदल्या दिवशी तो धावतपळत येऊन गेला. वॉर्डात आईशी बोलला, मग जिन्यात बहिणीशी.

"आईचा जीव घरात अडकलाय गं ताई. घरी न्या म्हणून मागं लागलीय."

राजश्रीनं मान हलवली. आई स्वतः त्यावर काही बोलली नव्हती, पण आईच्या मनातलं न बोलता ओळखायचं ही त्या घरातली रीतच होती. फक्त त्या दुपारी डबा घेऊन वॉर्डात शिरताना तिनं एक पाहिलं होतं. आई शेजारच्या खाटेवरच्या शिरोळच्या काकूंबरोबर तोंडाला पदर लावून हसत होती. डबा बघून हसली असेल, असं राजश्रीनं स्वतःला सांगितलं.

घरखाटेच्या कागदांत एक नियम होता. पेशंट परत वॉर्डात न्यायचा असेल तर कानोशानं लाल दिवा दाखवला पाहिजे, नाहीतर पेशंटनं स्वतःच्या तोंडानं तशी मागणी केली पाहिजे. घरचे लोक म्हाताऱ्यांना दवाखान्यात टाकून निघून जातात म्हणे, म्हणून केलेला. राजश्रीनं तो वाचला आणि तिला उगीचच चोरट्यासारखं वाटलं.

*

कानोसा बसवायला माणूस आला तो नेमका श्रावणातल्या सोमवारी.

शालनबाई मुका सोमवार धरायच्या. दिवसभर तोंडातून शब्द काढायचा नाही, संध्याकाळी महादेवापुढं दिवा लागला की मग बोलायचं. मागाच्या दिवसांत वर्षातले तेवढेच चार-पाच दिवस त्यांच्या घशाला सुटी मिळायची. व्रत महादेवाचं आणि विश्रांती गळ्याची. आजारपणात उपास सुटले, पण हे मौन त्यांनी सोडलं नव्हतं. उपास करू नको म्हणणारे डॉक्टर असतात, बोल म्हणणारा कुणी नसतो.

बसवणारा घाईत होता. त्यानं यंत्र लावलं, पडद्यावर पाच वाक्यं आणली आणि म्हणाला, "ही पेशंटला म्हणायला लावा ताई. मी तोवर वर इन्व्हर्टर बघून येतो. अजून चार घरं आहेत मला."

राजश्री आईजवळ वाकली. "आई, पाचच वाक्यं आहेत. म्हण की."

आईनं ओठावर बोट ठेवलं आणि कोनाड्यातल्या न पेटलेल्या दिव्याकडे दाखवलं.

"अगं महादेव काही म्हणणार नाही. सरकारी काम आहे समज."

आईनं डोळे मिटून घेतले. आता महादेव स्वतः आला असता तरी ती बोलली नसती.

वर जिन्यात पावलं वाजली. राजश्रीला वाटलं, माइक चालतोय का एवढंच बघायचं असणार. आणि आईचा नि तिचा आवाज म्हणजे एकाच ताग्यातलं कापड. फोनवर धनंजयसुद्धा फसायचा. तिनं जाळीशी तोंड नेलं. "माझं नाव शालन पांडुरंग खारगे. आज हवा छान आहे. मला आमटी आवडते…" पाचही वाक्यं झाली. हिरवा दिवा लागला. बसवणारा खाली आला, दिवा बघून खूश झाला, चहासुद्धा न घेता गेला.

मंगळवारी सकाळी शालनबाई उशीला टेकून बसल्या, घसा खाकरला आणि झोकात म्हणाल्या, "माजं नाव शालन पांडुरंग खारगे."

"आवाज जुळत नाही," कानोसा गोड गळ्यानं म्हणाला. "कृपया पेशंटला बोलू द्या."

"मीच हाय रं पेशंट!"

"आवाज जुळत नाही. कृपया पेशंटला बोलू द्या."

"आता काय दाखला आणू का तुला नगरसेवकाचा? राजे, ह्या डब्याला सांग, मी मीच हाय म्हणावं."

राजश्रीला आधी हसू आलं. मग कालची पाच वाक्यं आठवली.

तिनं मदतीच्या नंबरावर फोन लावला. तिकडेही यंत्रच बोलत होतं. मूळ आवाज बदलण्यासाठी घरखाट बंद करून नव्यानं अर्ज करावा लागेल. नव्या अर्जांसाठी प्रतीक्षा आहे. प्रतीक्षेच्या काळात प्राणवायूचं यंत्र आणि गोळ्यांची डबी परत न्यावी लागेल. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.

"अहो, परत नेऊन आई श्वास कशानं घेईल?"

"आपला प्रश्न समजला नाही. कृपया पुन्हा सांगा."

तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा धन्यवाद आलं. तिसऱ्यांदा राजश्रीच्या बेंबीच्या देठापासून असा आवाज निघाला की समोरच्या गॅलरीतली कबुतरं उडाली. "मला माणूऽऽस द्या बोलायला! माणूऽऽस!"

पलंगावरून शालनबाईंनी कौतुकानं मान डोलावली. "हां! ह्यो माजा आवाज. हाच पायजे व्हता डब्याला."

माणूस मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कानोशाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. आवाज मिळाला नाही तर डबी उघडायची नाही, आणि डबी उघडली नाही तर आईची गोळी नाही. राजश्रीनं दार लावून घेतलं, जाळीशी वाकली आणि म्हणाली, "माझं नाव शालन पांडुरंग खारगे."

टक् करून डबी उघडली.

एकदाच म्हणून केलेली गोष्ट रोजची झाली. दात घासावेत तसं ती उठल्या उठल्या आईच्या नावानं बोलायची. मुजावर मॅडमना सांगायचं रोज ठरवायची. पण मॅडम आठवड्यातून एकदा पडद्यावर यायच्या त्या दुसऱ्या पेशंटकडे बघत यायच्या. "सगळं ठीक?" त्या विचारायच्या, आणि राजश्री म्हणायची, "हो, बरी आहे." सांगितलं तर घरखाट बंद, ही धास्ती जिभेवर बसलेली. आणि खरं काम तर गोळीच करते, आवाजाचं काय एवढं, अशी मनाची समजूत.

"माज्या नावानं बोलतीस, माज्या नावानं जेवतीस बी का?" आई चेष्टा करायची. "मग मी मोकळी. जाते महादेवाकडं."

"गप गं."

"मी गपच हाय. तूच बोलतीयास."

*

गणपती येऊन गेले तसा दिवा हिरव्याचा पिवळा झाला.

"आवाजात जडपणा आढळला आहे," कानोसा म्हणाला. "श्वास वारंवार घेतला जात आहे. पाणी काढण्याची मात्रा वाढवत आहोत." डबीतून दीड गोळी पडली.

राजश्रीनं पाहिलं. आईला धाप नव्हती. पण हा मोठमोठ्या डॉक्टरांनी घडवलेला कानोसा, आणि आपण घडीखात्यातली बाई. असेल आत काहीतरी. तिनं गोळी दिली.

आता पाणी काढायची गोळी म्हणजे लघवीची गोळी. ती वाढली तशी पेल्यावरची टण् टण् वाढली. भाकरी तव्यावर टाकली की टण् टण्. डोळा लागला की टण् टण्. उचलायचं, बसवायचं, पुसायचं, बदलायचं, आणि पाठ टेकते न टेकते तोच पुन्हा. राजश्रीची झोप तुटक्या धाग्यासारखी झाली, जोडायला जावं तर आणखी तुटे. जिना चढताना तिला दम लागायला लागला. एका उशीच्या दोन झाल्या, कारण आडवं पडलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. दमणूक आहे, ती म्हणायची. आणि त्या दमलेल्या, बसलेल्या आवाजात सकाळी जाळीशी वाकून सांगायची, "माझं नाव शालन पांडुरंग खारगे. आज हवा छान आहे."

"आवाजातील जडपणा वाढला आहे. मात्रा वाढवत आहोत."

दोन गोळ्या.

कांड्या भरायचा रहाट आठवा. हात चाकाला फिरवतो की चाक हाताला, ते लहानपणी राजश्रीला कळायचं नाही. इथंही तसंच झालं होतं. गोळी वाढे म्हणून लेक दमे, लेक दमे म्हणून आवाज जड होई, आवाज जड होई म्हणून गोळी वाढे. चाक फिरत होतं आणि सुताऐवजी दोन बायका गुंडाळल्या जात होत्या.

"आईचं वजन उतरलंय बघ," तिनं धनंजयला पडद्यावर सांगितलं. "तोंडाला कोरड पडते म्हणते. पाय वळतात."

"यंत्र काय म्हणतंय?"

"यंत्र म्हणतं आवाज बिघडलाय."

"मग यंत्राचं ऐक ना ताई. ते आपल्यापेक्षा हुशार आहे." त्याच्या पाठीमागं कुणीतरी त्याला जेवायला बोलावत होतं. "आणि तू किती करतेस गं. खरंच, तू आहेस म्हणून."

"मी आहे म्हणून काय?"

"म्हणजे… आई सुखात आहे."

"एक दिवस येऊन बस की तिच्या सुखात! आई पेला वाजवते, उठून बघ किती सुख असतं त्यात. निम्मा खर्च म्हणे! निम्मा कुणाचा वाचला धन्या? तुझा, दवाखान्याचा. माझा कुणी विचारलाय?"

 धनंजयचा चेहरा लहानपणी दुधाचा पेला सांडल्यावर व्हायचा तसा झालेला पाहून तिचाच राग विरला. "जा, जेव जा," ती म्हणाली. "बरी आहे मी."

पलंगावरून आई तिच्याकडे बघत होती. अलीकडे आई तिच्या तोंडाकडे फार कमी बघायची. पडल्या पडल्या नजर जाईल तिथं बघायची, खाली, फरशीकडे. राजश्रीला वाटायचं, माझ्यावर रागावलीय. घरीच राहायचं म्हणून हट्टानं आली, आणि आता लेकीची चिडचिड ऐकावी लागतेय.

*

लाल दिवा लागला तो शनिवारी सकाळी.

"तातडीची स्थिती," कानोसा म्हणाला. "गाडी निघत आहे. वॉर्डात खाट राखून ठेवली आहे."

राजश्री जमिनीवर बसली. तिला भीती वाटायला हवी होती. पण आधी आली ती दुसरीच लाट, इतकी गोड की तिची तिलाच लाज वाटली. खाट मिळाली. वॉर्डात बेडपॅन द्यायला माणसं असतात, कूस बदलायला माणसं असतात. आज आपण झोपू. सोमवारी घडीखात्यात जाऊन साहेबांना भेटू. ती उठली, आतल्या खोलीत जाऊन पिशवीत आईची दोन लुगडी, चष्मा, कवळी भरायला लागली. गाणं गुणगुणते आहोत हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

तेवढ्यात न्हाणीत धप्पकन आवाज झाला.

शालनबाईंनी हाक मारली नव्हती, पेला वाजवला नव्हता. भिंत धरधरून एकट्याच गेल्या होत्या आणि उभं राहता राहता डोळ्यांपुढं अंधारी येऊन खाली बसल्या होत्या. राजश्रीनं काखेत हात घालून उचललं. आई कापसाच्या पोत्यासारखी हलकी लागली. ओठ सुकून सालपटं निघालेली. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली, खाली बसेना.

"वाजवायचं नाहीस का गं?"

"रातभर उठतीयास, म्हटलं आता नगं."

पलंगावर निजवताना राजश्रीचा तळहात आईच्या पायावरून फिरला. घडीखात्यातला हात तो. कापडाची पोत बिघडली की डोळ्यांआधी त्याला कळायचं. पाय कोरडे होते. हाडकुळे, सुके, सुजेचा मागमूस नसलेले. ह्या अंगात जास्तीचं पाणी? इथं तर पाण्याचा थेंब उरला नव्हता.

पडदा उजळला. मुजावर मॅडम पहिल्यांदाच थेट तिच्याकडे बघत होत्या. "राजश्रीताई, घाबरू नका. आवाजाची नोंद फार वाईट आलीय. गाडीतल्या सिस्टरांना आदेश गेलाय, आल्या आल्या शिरेतून पाणी काढायचं इंजेक्शन देतील. वाटेत सुरू झालं की—"

"नको," राजश्री म्हणाली.

"नको म्हणजे?"

गाडी निघाली होती. खाट तयार होती. एक शब्द बोलली नाही तर दुपारपर्यंत आई वॉर्डात, आणि ती झोपेत. आणि बोलली तर लाल दिवा खोटा, म्हणजे खाट गेली, आणि टण् टण् आहेच. तिच्या तोंडाला आईसारखीच कोरड पडली.

"मॅडम, इंजेक्शन देऊ नका. तो आवाज आईचा नाही. माझा आहे."

 राजश्रीनं सगळं सांगितलं. मुका सोमवार, पाच वाक्यं, न जुळणारा आवाज, धन्यवाद म्हणणारा फोन.

"तुम्हाला कळतंय का, काय केलंत ते?" मॅडमचा आवाज चढला. "दुप्पट गोळी गेलीय त्यांना! आज इंजेक्शन दिलं असतं तर…" त्यांनी कपाळ धरलं. मग खाली काहीतरी चाळलं आणि त्यांचा राग जागच्या जागी ओसरला. "वजन उतरत होतं आणि आवाज बिघडत होता. हे दोन जुळतच नव्हतं. यंत्रानं आवाजाला जास्त मान दिला, आणि आम्ही यंत्राला. गोळी आजपासून बंद. थोडं थोडं मीठ-साखरेचं पाणी द्या. इंजेक्शनचा आदेश मी रद्द करते." पुढं त्या थांबल्या. "पण राजश्रीताई, मग ही नोंद कुणाची आहे?"

"माझी. दमलेय जरा, म्हणून—"

"दमल्यावर आवाज बसतो. असा होत नाही. ही पाण्याची थरथर आहे. रात्री सपाट झोपता येतं तुम्हाला?"

राजश्रीची नजर आपल्या दोन उशांकडे गेली.

"तुम्ही आजच या. तुमचंच हृदय तपासायला हवं."

"मी आले तर आईजवळ कोण?"

 मुजावर मॅडमनी एकदा राजश्रीकडे पाहिलं, एकदा पलंगाकडे. "लाल दिवा खोटा ठरला म्हणजे खाटेचा आदेशही आपोआप रद्द होतो," त्या हळू म्हणाल्या. "मी भांडेन, पण त्याला वेळ लागेल. एकच वाट आहे. पेशंटनं स्वतःच्या आवाजात वॉर्ड मागायचा. मूळ आवाज मी इथून आत्ता पुसून नव्यानं घेऊ शकते, डॉक्टरला तेवढा हक्क आहे. पण मागणी त्यांची हवी. तुमची चालणार नाही."

डॉक्टरला तेवढा हक्क होता. इतके दिवस होता. राजश्रीला रडावं की कानोसा उचलून भिंतीवर मारावा तेच कळेना. तिनं दोन्ही केलं नाही. ती आईकडे वळली. जा म्हणून कसं सांगायचं? घरी न्या म्हणून जिचा जीव अडकला होता तिला, तू आता इथून जा?

"आई, तुला घरीच बरं वाटतं हे मला माहीत आहे," ती कशीबशी म्हणाली. "मी नाही पाठवणार तुला. तू फक्त तुझं नाव सांग. आवाज तरी तुझा होऊ दे. बाकी बघू."

"आजी," पडद्यावरून मॅडम म्हणाल्या, "ती वाक्यं राहू देत. मनातलं काहीही बोला. मी ऐकतेय."

दिवा लुकलुकायला लागला. शालनबाईंनी कानोशाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. मग पडल्या पडल्या रोज जिथं बघायच्या तिथं बघितलं, खाली, राजश्रीच्या पावलांकडे. गळ्याशी हात नेला. आवाज निघाला तो सुताच्या शेवटच्या पदरासारखा बारीक. पण राजश्रीला तो पत्र्यावरून चालत आल्यासारखा ऐकू आला.

"राजे, मला घरी यायचंच नव्हतं. धन्या म्हनला, ताईला तू घरी पायजेस, तिला करमत न्हाई. म्हनून आले. तितं बायका व्हत्या गं. शिरोळची व्हती, बोलायला व्हती. हितं तू आन् ह्यो डबा, आन् तुला माज्याशी बोलायला बी सवड न्हाई. तुला वाईट वाटंल म्हनून गप बसले." त्यांनी श्वास घेतला. "आन् तुजं पाय सुजल्यात. लई दिस झालं बघतीया. चपलेचा पट्टा बसंना तुला, टाच बाहेर टाकून चालतीस. बोलले आसते तर तू म्हनली आसतीस, बरी हाय. तू बरी न्हाईस. डाक्टरीनबाई, मला वॉर्डात न्या. आन् माज्या शेजारची खाट हिला द्या."